मुठींत मावणाऱ्या मोटारी

कुटुंबांतील एखाद्या मुलानें पोस्टाचीं तिकिटें जमविण्यास सुरुवात केली, तर वडील मंडळी त्याचें कौतुक करतात. जुनीं नाणीं जमविणाऱ्या काकांविषयीं तर पाहुण्यांपुढें अभिमानानें बोललें जातें. परंतु पंचवीस-तीस वर्षांचा मिळवता मुलगा खेळण्यांतल्या मोटारी जमवूं लागला, म्हणजे त्याच घरांत कुजबुज सुरू होते. "नोकरी लागली, तरी पोरपण गेलें नाहीं," असें आत्याबाई म्हणतात; एवढ्या पैशांत घरांत काय काय आलें असतें, याचा हिशेब स्वयंपाकघरांत होतो; आणि आजोबा कांहीं न बोलतां चष्मा पुसतात. हा छंद पोरकट आहे कीं अभ्यास करण्याजोगा आहे, त्यांत पैसा वायां जातो कीं सत्कारणीं लागतो, याचा निर्णय मात्र त्या गाड्या एकदां हातांत घेऊन कोणी करीत नाहीं. तो तसा करावा, एवढ्याचसाठीं हा लेख आहे.

आम्ही राहतों तें भोकर हें नांदेड जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आमचें स्टेशन आहे, आणि येथून एक रस्ता भैंशावरून निर्मलकडे, तेलंगणांत जातो. आमच्या रस्त्यांवर एस. टी., ट्रॅक्टर, कापसानें भरलेले टेंपो, मोटारसायकली आणि अजूनहि बैलगाड्या दिसतात. साठ वर्षांपूर्वीं अमेरिकेंत धांवलेल्या 'मसल कार' नांवाच्या मोटारी आमच्या गांवांत कोणाच्या दृष्टीस पडण्याचा संभव नाहीं. तरीहि आमच्याच घरांत, एका पुतण्याच्या कपाटांत, त्या तीन-तीन इंचांच्या ओतीव धातूच्या रूपानें ओळीनें उभ्या आहेत. त्यांची पूर्वपीठिका काय, हें आम्हीं त्याच्यापासून आणि इतर वाचनांतून समजून घेतलें. तें वाचकांपुढें ठेवतों.

मूळच्या गाड्या

'मसल' म्हणजे स्नायु, दंडाची बेटकुळी. नांव ऐकून ही श्रीमंतांची वस्तु असावी असें वाटतें. वस्तुस्थिति उलट आहे. मध्यम आकाराची, सामान्य पगारदारास परवडेल अशी गाडी घ्यावयाची आणि तिच्यांत मोठ्या गाडीचें दांडगें इंजिन बसवावयाचें, एवढीच यांतील युक्ति. १९६४ सालीं पॉन्टिअॅक कारखान्यानें 'जी. टी. ओ.' नांवाची गाडी काढली. मूळ कंपनी जनरल मोटर्स हिचा नियम असा होता कीं, मध्यम आकाराच्या गाडींत ३३० घनइंचांहून मोठें इंजिन घालूं नये. जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी यांनीं ३८९ घनइंचांचें, म्हणजे सुमारें ६.४ लिटरांचें, इंजिन 'गिऱ्हाइकाच्या मागणीवरून द्यावयाची जादा सोय' म्हणून कागदावर दाखविलें आणि नियमास बगल दिली. पांच हजार गाड्या खपल्या तरी पुरे, अशी अपेक्षा होती. पहिल्याच वर्षीं बत्तीस हजारांवर खपल्या.

त्याच १९६४ सालीं १ एप्रिलला प्लिमथची 'बॅराकुडा' आणि १७ एप्रिलला फोर्डची 'मस्टँग' बाजारांत आली. मस्टँगची मूळ किंमत २,३६८ डॉलर होती. १९६६ च्या सप्टेंबरांत शेव्हरोलेनें 'कॅमॅरो' काढून फोर्डला उत्तर दिलें. कांहीं जाणकार मस्टँग व कॅमॅरो यांस मसल कार न म्हणतां 'पोनी' म्हणजे तट्टू या वेगळ्या जातींत घालतात. पण दांडगें इंजिन बसविलेलें तट्टू घोड्याला हार जात नाहीं, हें तेहि मान्य करतात. १९७० च्या शेव्हरोले 'शेव्हेल' गाडीस ४५४ घनइंचांचें, ७.४ लिटरांचें आणि ४५० अश्वशक्तीचें इंजिन मिळूं लागलें. मुंबईच्या टॅक्सीमुळें आपल्या सर्वांच्या परिचयाची झालेली प्रीमियर पद्मिनी आठवा. तिचें इंजिन १,०८९ घनसेंटिमीटरांचें, म्हणजे शेव्हेलचें इंजिन तिच्या जवळजवळ सातपट!

हा बहर मात्र जेमतेम दहा वर्षें टिकला. तरुण चालकांच्या अपघातांमुळें विम्याचे हप्ते वाढले. १९७० च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानें धुरावर बंधनें आलीं. आणि १९७३ च्या ऑक्टोबरांत अरब राष्ट्रांनीं तेल रोखलें, तेव्हां पेट्रोल पिणाऱ्या या गाड्यांस घरीं बांधणें परवडेनासें झालें. आज त्यांतील एखादी अस्सल गाडी विकत घेणें म्हणजे घर विकण्याची तयारी ठेवणें. म्हणूनच ती मुठींत मावेल अशा रूपांत जमविण्याची हौस जगभर पसरली.

या नांवांशीं आपला संबंध अगदींच नाहीं असेंहि नाहीं. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईंत शिवडी येथें शेव्हरोले गाड्यांची जुळणी सुरू केली होती. सोलापुरांत १८८२ सालीं जन्मलेले उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापिली, आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशीं करार करून १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यांत डॉज, डी सोटो आणि प्लिमथ या गाड्या जोडण्यास आरंभ केला. पुढें बॅराकुडा काढणारी प्लिमथ ती हीच. आमच्या पिढीच्या वडिलांस डॉज व शेव्हरोले हीं नांवें घरच्यासारखीं परिचित होतीं. नातवंडें तींच नांवें खेळण्याच्या बुडावर वाचतात.

हौसेची घडण

या छंदांतील दुसरा शब्द 'कस्टम'. कारखान्यांतून आलेली गाडी जशीच्या तशी न वापरतां मालकानें स्वतःच्या आवडीप्रमाणें घडवून घेतली, कीं ती 'कस्टम' गाडी झाली. छप्पर कापून खालीं आणणें, दिवे व जाळी बदलणें, मागचीं चाकें रुंद करणें, रंगाचे थरावर थर देऊन माशाच्या खवल्यासारखी चमक आणणें, असे हे संस्कार. लॉस एंजेलिस भागांत जॉर्ज बॅरिस आणि एड रॉथ, तर डेट्रॉइटमध्यें अलेक्झांडर बंधु या कलेचे नामांकित कारागीर होऊन गेले.

आपल्याकडे याचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. पोळ्याच्या दिवशीं एकाच वाणाच्या दोन बैलजोड्या दोन घरांतून निघतात. पण शिंगांचा रंग, झुलीवरची भिंगें, बाशिंगाची उंची आणि घुंगरांचा आवाज यांवरून जोडी कोणाची, हें दुरून ओळखतां येतें. ट्रकच्या मागच्या फळीवर मोर आणि कमळ रंगवून घेणारा चालक, आणि मस्टँगच्या कुशीवर अग्नीच्या ज्वाळा रंगवून घेणारा कॅलिफोर्नियाचा तरुण, हे एकाच बिरादरीचे. कारखान्यानें हजारांसारखी एक दिली. ती हजारांत एक करणें, ही हौस सर्वत्र सारखीच.

खेळण्याचा वंशवृक्ष

धातूच्या साच्यांत ओतून केलेल्या मोटारी प्रथम शिकागोच्या डाउस्ट कारखान्यानें पहिल्या महायुद्धापूर्वीं बाजारांत आणल्या. 'मेकॅनो' या खेळाचे जनक फ्रँक हॉर्नबी यांच्या लिव्हरपूलच्या कंपनीनें १९३४ पासून 'डिंकी' हें नांव घेऊन इंग्रजी घरांत त्या पोंचविल्या. १९४७ सालीं लंडनमध्यें लेस्ली स्मिथ व रॉडनी स्मिथ या दोन मित्रांनीं 'लेस्नी' कंपनी काढली. आडनांव एक, पण नातें कांहीं नाहीं. त्यांचे भागीदार झालेले कारागीर जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेंत नियम होता कीं, काड्यापेटींत मावेल एवढेंच खेळणें आणावें. बापानें मुलीसाठीं तेवढाच रस्ता दाबण्याचा रोलर घडविला, आणि १९५३ पासून 'मॅचबॉक्स' म्हणजे काड्यापेटी हेंच त्या खेळण्यांचें नांव पडलें. शाळेच्या एका शिस्तींतून एवढा मोठा धंदा निघाला.

अमेरिकेंत १९४५ सालीं स्थापन झालेल्या मॅटेल कंपनीचे एलियट हँडलर यांनीं १९६८ सालीं या इंग्रजी गाड्यांपुढें 'हॉट व्हील्स' उभ्या केल्या. त्यांनीं प्रत्यक्ष मोटारींच्या कारखान्यांतून हॅरी बेंटली ब्रॅडली या आराखडाकारास आणलें. पहिल्या संचांत सोळा गाड्या होत्या, आणि त्यांपैकीं दहांच्या नांवांतच 'कस्टम' हा शब्द होता: कस्टम कॅमॅरो, कस्टम मस्टँग, कस्टम बॅराकुडा, कस्टम फायरबर्ड इत्यादि. उरलेल्यांत एड रॉथची 'बीटनिक बँडिट' आणि अलेक्झांडर बंधूंची 'डिओरा' या खऱ्या घडविलेल्या गाड्यांच्या प्रतिकृति होत्या. घासून चकचकीत केलेल्या धातूवर पारदर्शक रंग, टायरांवर तांबडी रेघ, आणि पियानोच्या तारेइतका बारीक आंस, अशी त्यांची रचना. त्या बारीक आंसामुळें घर्षण कमी होऊन या गाड्या इतर खेळण्यांच्या कितीतरी पुढें धांवत. मॅचबॉक्सला दुसऱ्याच वर्षीं आपलीं चाकें बदलावीं लागलीं.

हिंदुस्थानांतहि या वंशाची शाखा फुटली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे जुने साचे कलकत्त्यास आले आणि तेथें तयार झालेल्या गाड्या पुढें 'निकी' या नांवानें विकल्या गेल्या. बुडावरच्या 'डिंकी' या अक्षरांतच फेरफार करून 'निकी' केलें, हें आजहि भिंगाखालीं दिसतें. पुढें १९८० च्या दशकांत मुंबईच्या ब्लो प्लास्ट कंपनीच्या 'लिओ' या खेळण्यांच्या शाखेनें मॅटेलच्या सहकार्यानें भारतांत हॉट व्हील्स काढल्या. त्या काळीं मुलांनीं त्या अंगणांत यथेच्छ झिजविल्या. आज परदेशचे संग्राहक त्यांचा शोध करतात. माळ्यावरच्या जुन्या पत्र्याच्या पेटींत अशी एखादी पडली असल्यास भंगारवाल्यास देण्यापूर्वीं तिचें बूड वाचावें.

आपल्या ओळखीचा धातु

या गाड्यांस लोक लोखंडी म्हणतात. त्या लोखंडी नसतात. त्या मुख्यतः जस्ताच्या. जस्तांत सुमारें चार टक्के ॲल्युमिनियम आणि अत्यल्प मॅग्नेशियम व तांबें मिसळून 'झामॅक' नांवाचा मिश्रधातु करतात. जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम व तांबें या चारांच्या जर्मन नांवांचीं आद्याक्षरें मिळून हें नांव झालें आहे. हा मिश्रधातु सुमारें ३८५ अंश सेल्सिअसला वितळतो. तो पोलादी साच्यांत मोठ्या दाबानें शिरतो, क्षणांत थिजतो, आणि दाराच्या मुठीपासून बॉनेटच्या कंगोऱ्यापर्यंत प्रत्येक रेघ उचलतो. एका साच्यांतून हजारों नग तेच निघतात. खेळणें स्वस्त होण्याचें रहस्य यांत आहे.

आमच्या भागांतील वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. उदगीरच्या पलीकडे बीदर आहे. १९५६ पर्यंत नांदेड, उस्मानाबाद आणि बीदर एकाच हैदराबाद राज्यांत होते. तेथील बिदरी सुरई किंवा पानदान कित्येक घरांच्या दिवाणखान्यांत असतें. तें कशाचें? बहुतांशीं जस्ताचेंच, थोडें तांबें घातलेलें. कारागीर तें मातीच्या साच्यांत ओततो, घांसतो, कोरतो, कोरीव रेघेंत चांदी ठोकून बसवितो, आणि नवसागर व किल्ल्यांतील माती यांच्या लेपानें पृष्ठभाग काळाभोर करतो. चांदी मात्र पांढरी राहते. राजस्थानांत उदेपूरजवळ झावर येथें भट्ट्यांतून जस्ताचा अर्क काढण्याचें काम मध्ययुगांतच मोठ्या प्रमाणावर चाललें होतें. इंग्लंडांत विल्यम चँपियन यांनीं त्यासारख्या कृतीचें पेटंट घेतलें तें १७३८ सालीं. तेव्हां पुतण्याच्या कपाटांतील कॅमॅरो आणि आजीच्या फडताळांतील बिदरी डबी हीं धातूच्या नात्यानें भावंडें आहेत. एकींत माणसाचा हात प्रत्येक वेळीं नव्यानें फिरतो, दुसरींत तो एकदांच, साचा कोरतांना फिरतो, एवढाच फरक.

जस्ताला एक रोगहि आहे. ओतकामांत शिसें मिसळलें गेलें, तर कांहीं वर्षांनीं धातु आंतून फुगतो, त्यास भेगा पडतात आणि शेवटीं खेळण्याचा भुगा होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वींच्या कितीतरी गाड्या अशा रीतीनें नष्ट झाल्या. यावर औषध नाहीं. जुनी गाडी विकत घेतांना बारीक भेगा आणि वांकलेलें बूड पाहून घ्यावें, एवढाच उपाय.

संग्रह कसा असावा

वस्तु गोळा करणें आणि संग्रह करणें यांत अंतर आहे. तें अंतर वहीनें पडतें. आमच्या पुतण्याच्या वहींत प्रत्येक गाडीस एक पान आहे: मूळ मोटारीचें नांव व वर्ष, खेळण्याचा कर्ता, बुडावरचा मजकूर, कोठें व किती किंमतीस घेतली, आणि मूळ गाडीपेक्षां खेळण्यांत काय बदललें आहे. बुडावर मलेशिया किंवा थायलंड असें देशाचें नांव असतें. तेथें एक सालहि असतें. पण हॉट व्हील्सच्या बाबतींत तें त्या आराखड्याच्या हक्काचें साल होय, ती गाडी तयार झाल्याचें नव्हे. बुडावर १९६९ वाचून कालपरवांच्या गाडीस कोणी पन्नास वर्षांची म्हणून विकूं लागला, तर फसूं नये.

प्रमाण हाहि शिकण्याचा विषय आहे. बहुतेक लहान गाड्या १:६४ म्हणून ओळखल्या जातात. १९६७ ची कॅमॅरो १८४.७ इंच लांब होती. तिला ६४ नीं भागल्यास २.९ इंच येतात. मुलांनीं पट्टी लावून हें पडताळून पाहावें. पुष्कळदां असें दिसेल कीं, लहान गाडी व मोठा ट्रक एकाच लांबीचीं आहेत, कारण दोहोंस एकाच मापाच्या वेष्टनांत बसावयाचें असतें. शाळेंतील त्रैराशिक याहून गोड रीतीनें शिकविणें कठीण.

संग्रहास मर्यादा हवी. "सर्व गाड्या" असें म्हणणारा कधींच तृप्त होत नाहीं. "१९६४ ते १९७३ च्या अमेरिकन गाड्या", "केवळ कॅमॅरो", किंवा "भारतांत तयार झालेल्याच" अशी एखादी चौकट आंखून घ्यावी. साधी हॉट व्हील्स गाडी आज दोनशे रुपयांच्या आंत मिळते, आणि म्हणूनच ती धोक्याची आहे. दहा लहान खर्च एका मोठ्या खर्चाइतके होतात, पण डोळ्यांत भरत नाहींत. महिन्याची रक्कम ठरवून ती घरांत सर्वांस माहीत असेल अशी व्यवस्था करावी. लपवून आणलेली वस्तु लहान असली तरी घरांतील विश्वासास मोठें भोंक पाडते.

आमच्याकडचा उन्हाळा कडक आणि पावसाळा दमट. पश्चिमेच्या भिंतीस टेकलेल्या लोखंडी कपाटांत गाड्या ठेवूं नयेत. उन्हानें रंग उडतो आणि रबरी टायर चिकट होतात. कांचेचें दार, सावलीची भिंत, आणि दमट महिन्यांत ओलावा शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या पुरेशा आहेत. धूळ मऊ कुंचल्यानें काढावी. जुन्या गाड्यांच्या रंगांत शिसें असण्याचा संभव असल्यानें तोंडांत वस्तु घालण्याच्या वयाच्या मुलांच्या हातीं त्या देऊं नयेत. तीन वर्षांखालील मुलांस तर नव्याहि देऊं नयेत. नवीं खेळणीं घेतांना आय. एस. आय. चिन्ह पाहावें, १ जानेवारी २०२१ पासून भारतांत विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर तें सक्तीचें झालें.

सोवळ्यांतलीं खेळणीं

आतां या छंदांतील खरा वादाचा मुद्दा. गाडी पुठ्ठ्यावर पारदर्शक कवचांत बंद होऊन येते. तें कवच न फोडतां ठेवल्यास बाजारांत तिची किंमत टिकते किंवा वाढते. फोडलें कीं उतरते. १९९५ पासून मॅटेल कांहीं गाड्या मुद्दाम थोड्या संख्येनें काढूं लागली. पहिल्या वर्षीं बारा प्रकार, प्रत्येकी दहा हजार नग. २००७ पासून त्यांतहि विशेष रंग व रबरी टायर असलेली अधिक दुर्मिळ जात निघाली. दुकानांत पेटी उघडतांच कोणी एकटा अशा सर्व गाड्या उचलून नेतो आणि चौपट-दसपट किंमतीस विकतो. २०२० सालीं आयात खेळण्यांवरील जकात वीस टक्क्यांवरून साठ टक्के झाली आणि २०२३ सालीं सत्तर. परदेशी गाडी त्यामुळें आधींच महाग, त्यांत ही दलाली. दहा वर्षांचें मूल रिकाम्या आंकड्याकडे पाहून परत जातें.

गेल्या दिवाळींत आमच्या घरांत असा प्रसंग घडला. पुतण्यानें मोठ्या खटपटीनें मिळविलेली एक बंद गाडी त्याच्या थोरल्या भावाच्या पांच वर्षांच्या मुलीनें कपाटांतून काढून कवचांतून बाहेर ओढली आणि माजघरांतून ओसरीपर्यंत पळविली. पुतण्या पांढराफटक पडला.

"आजी, हिनें माझे तीन हजार रुपये फाडले!"

आमच्या मातोश्री वाती वळीत होत्या. त्या म्हणाल्या, "फाडला तो पुठ्ठा. गाडी धड आहे ना?"

"धड आहे, पण आतां तिला कोणी विचारणार नाहीं."

"मी विचारतें ना. आण इकडे. अरे, सोवळ्यांत ठेवायचे ते देव. हिला चाकें कशाला दिलीं आहेत मग?"

सगळे हंसले, पुतण्या हंसला नाहीं. त्याचें नुकसान खरें होतें, आणि दुसऱ्याची वस्तु न विचारतां घ्यावयाची नाहीं, हें मुलीस त्याच संध्याकाळीं तिच्या आईनें समजावून सांगितलें. एकत्र कुटुंबांत "सगळें सगळ्यांचें" हें वाक्य पुष्कळदां एकाच्या कष्टावर दुसऱ्याची सोय करण्याच्या कामीं येतें. तें आम्हांस मान्य नाहीं. परंतु दोन दिवसांनीं पुतण्यानें आपण होऊन कपाटाची मांडणी बदलली. वरच्या फळीवर बारा बंद गाड्या, त्यांहून एक अधिक नाहीं. तेरावी आली तर एक उघडावयाची. खालच्या दोन फळ्या मोकळ्या. मुलीस एका वेळीं एक गाडी मिळते, पण आधीं तिचें नांव व साल सांगावें लागतें. तिला अजून नीट वाचतां येत नाहीं. तरी जाळी आणि दिव्यांची ठेवण पाहून ती कॅमॅरो व बॅराकुडा अचूक ओळखते. बंद कवचांतील गाडीनें हें ज्ञान कोणासहि दिलें नसतें.

संस्कृत नाटकांत ज्याचें नांवच खेळण्यावरून पडलें आहे तें 'मृच्छकटिक' या प्रसंगीं आम्हांस आठवतें. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजाऱ्याच्या सोन्याच्या गाडीसाठीं रडतो. त्याची समजूत मातीच्या गाडीनें पटत नाहीं. वसंतसेना प्रेमानें आपले दागिने त्या मातीच्या गाडींत घालते. पुढें तेच दागिने न्यायसभेंत मैत्रेयाच्या कांखेंतून खालीं पडतात आणि निरपराध चारुदत्ताविरुद्ध पुरावा होऊन त्याला वधस्तंभापर्यंत नेतात. खेळण्यांत सोनें भरलें कीं तें खेळणें राहत नाहीं. तें कोणाच्या तरी गळ्याशीं येतें. मुलांच्या हातून गाड्या हिसकावून कपाटांत कोंडणाऱ्या आणि त्यांस 'गुंतवणूक' म्हणणाऱ्यांनीं हें नाटक एकदां अवश्य वाचावें. ज्या वस्तूची मागणी केवळ हौसेवर उभी, तिचा भाव हौसेबरोबर बसतो. उतारवयाची तरतूद तिच्या भरंवशावर करणें शहाणपणाचें नव्हे.

स्वतःच्या हातानें

या छंदाचें जें अंग आम्हांस सर्वांत पसंत पडलें, तें विकत घेण्याचें नसून घडविण्याचें आहे. मूळ मालकांनीं खऱ्या गाडीवर जे संस्कार केले, ते हे तरुण खेळण्यावर करतात. बुडाचीं रिव्हेटें बारीक ड्रिलनें उडवून गाडीचे चार भाग सुटे करावयाचे, जुना रंग काढावयाचा, कानशीनें कंगोरे साफ करावयाचे, अस्तराचा हात देऊन पातळ थरांनीं नवा रंग द्यावयाचा, चाकें बदलावयाचीं, आणि रिव्हेटाच्या जागीं दोन मिलिमीटरचा स्क्रू बसवून पुन्हां जोडावयाची. यास बाजारांतील सर्वांत स्वस्त, पोपडे उडालेली गाडी चालते. रंग काढण्याचें द्रावण तीव्र असतें. हातमोजे घालून, उघड्या गच्चीवर, मोठ्या माणसाच्या देखरेखीखालींच तें वापरावें, आणि ड्रिल चालवितांना डोळ्यांवर चष्मा असावा.

आमच्या सुनांपैकीं एकीस रांगोळी व कापडावरील रंगकामाचा हात आहे. पुतण्याच्या एका मस्टँगवर तिनें केसाएवढ्या कुंचल्यानें पैठणीच्या पदरावरचा मोर उतरविला आहे. हें काम मुलग्यांचेंच, असें समजणाऱ्यांनीं तो मोर पाहावा. येथून रस्त्यानें जातां येण्याजोग्या निर्मल गांवीं पोणकी लांकडाचीं हलकीं खेळणीं करणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या असेंच रंग भरीत आले आहेत. आमच्या लहानपणीं त्यांचे पक्षी व फळें प्रत्येक गौरीपुढें मांडलेलीं असत. ज्या घरांत अशी दृष्टि आहे, तेथें धातूची मोटार परकी राहत नाहीं.

ज्या घरांत असा मुलगा वा मुलगी असेल, तेथील वडील मंडळींस आमची एक विनंति आहे. येत्या रविवारीं जेवणानंतर त्याला त्याच्या पांच गाड्या ओसरीवर मांडावयास सांगावें आणि प्रत्येकीची हकीकत विचारावी: ही कोणीं काढली, केव्हां, हिच्यांत काय विशेष, आणि ती तुला कां हवीशी वाटली? तो नीट सांगूं शकला, तर समजावें कीं पैसा विद्येंत गेला आहे, आणि पुढच्या वाढदिवसास सहावी गाडी घरानें द्यावी. त्याला केवळ किंमती सांगतां आल्या, तर त्यास रागें न भरतां एक कोरी वही आणून द्यावी. दोन्ही घरांत ओसरीवर बसलेल्या लहान मुलांच्या हातीं तोंवर एक-दोन गाड्या पोंचलेल्या असतील. त्या त्यांस खुशाल चालवूं द्याव्या.